तीन ताऱ्यांपर्यंतचा राग

शुक्रवारी सूर्य बुडायला आला तरी रिबेकामावशीच्या खिडकीत दिवा दिसेना, तशी मी हातातलं काम टाकून उठले. जाऊन पाहते तो काचेच्या दिव्यात तेल घातलेलं, शेजारी काडेपेटी, आणि मावशी खुर्चीतच... गेलेली.

आमच्या नाते गावात बेने इस्राएलांचं, म्हणजे मराठी ज्यूंचं, ते एकच घर उरलं होतं, आमच्या भिंतीला भिंत लावून. मोशेची, योसेफची गाणी ती मराठीतच, जात्यावरच्या चालीत म्हणायची. आळीतल्या आम्हा सगळ्या मुलांना ती तोंडपाठ. मी पहिल्यापासून तापट. भांडून आले की मावशी सांगायची, "एवढा मोठा मोशे गो, पण रागानं खडकावर काठी हाणली नि देवानं कबूल केलेल्या देशात त्याचं पाऊल पडलं नाय." शुक्रवारी दिवा लागला की तिचा विसाव्याचा दिवस, शब्बाथ, सुरू व्हायचा, आणि शनिवारी तिची चूल थंड असायची. "आमच्या पोथीत, तोरात लिवलंय, आज विस्तव पेटवायचा नाय. चुलीतला नाय नि डोक्यातला पण नाय." तेव्हा मी हसायचे. पुढे नवरा गेला, सासरच्यांनी मला घराबाहेर काढलं, तेव्हा आठवड्यातला तो एक दिवस तरी माझं जळणं थांबायचं. त्या दिवसानंच मला वाचवलं.

तिचा भाचा शनिवारी दुपारी मुंबईहून गाडी घेऊन आला. जिनं शनिवारी कधी रिक्षात पाय ठेवला नाही, तिच्या दारात! सणावारी तिचा फोन न उचलणारा हा माणूस म्हणतो, "आत्ताच आटपून टाकू. मावशीला काय कळतंय आता? उद्या मला ड्यूटी आहे." शब्बाथला दफन होत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

खड्डा खणणार होते माझा भाऊ दत्तू आणि आळीतली माणसं. दत्तू म्हणाला, "आज कुदळ लागायची नाय. जिवंतपणी तिनं शनवारी आमच्याकडनं चूलसुद्धा पेटवून घेतली नाय. आज माती कशी काढू?"

"तुम्ही कोण सांगणारे? ज्यू मी आहे!"

माझ्या जिभेवर काय काय आलं होतं! पण शनिवार होता, आणि मावशी तिथंच निजली होती. दात आवळून मी तिच्याभोवतीचा बर्फ बदलत राहिले. संध्याकाळी आभाळात तीन तारे दिसले, म्हणजे शब्बाथ संपला. मग मी भाच्याला जे सुनावलं, ते पार पाचाडपर्यंत ऐकू गेलं असेल. रविवारी सकाळी मावशीला माती दिली.

त्यानं आता घर रिकामं करून कुलूप घातलंय. दिवा भंगारात टाकला होता, तो मी उचलून आणला. दर शुक्रवारी लावते. राग येतो त्याचा, आणि खरं सांगू, मावशीचाही... हे असलं व्रत माझ्या गळ्यात घालून निघून गेली म्हणून.

या लेखात परवा, शुक्रवारी, मी भाच्याचं नाव, गाव, कचेरी, सगळं लिहिलं होतं. तेवढ्यात दिव्याची वेळ झाली. कागद मिटून ठेवला, काल दिवसभर हात लावला नाही. संध्याकाळी तारे दिसले तशी पेन घेऊन बसले आणि त्याचं नाव खोडलं. राग तसाच आहे.