पंचमीचा तवा

माझ्या मोठ्या जाऊबाईंनी उभ्या जन्मात एक फरा वळला नाही, आणि आमच्या मुरूम गावात फऱ्यांसाठी नाव मात्र त्यांचंच. आता त्या नाहीत. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार. त्या होत्या तेव्हा मला कुणी बोलू दिलं होतं?

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. आमच्या घरात धान्याचा व्यापार. सासूबाईंना आम्ही अव्वा म्हणायचो, जाऊबाईंना मी अक्का. अव्वांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, त्यामुळं त्या दिवसभर सोप्यात बसून असायच्या. चुलीपुढं मी, आणि किल्ल्या जाऊबाईंच्या कमरेला. मागच्या घरात तहसिलीतले एक साहेब राहायला आले, पार लखनौकडचे. त्यांच्या बाईसाहेबांचं पोट लई नाजूक. वैद्यानं तेल-तूप बंद केलेलं. म्हणून त्या सकाळच्या न्याहारीला फरे करायच्या आणि सोबत हरभऱ्याच्या पिठाची जाड रोटी.

मला ते त्यांनी शिकवलं. हरभऱ्याची डाळ रात्री भिजत घालायची, त्यात मूठभर उडदाची. सकाळी पाट्यावर जाडसर वाटायची, आलं, हिरवी मिरची, जिरं, हिंग घालून. कणीक घट्ट मळायची, पुरीएवढी पारी लाटायची, त्यात वाटलेली डाळ भरून दुमडायची आणि वाफेवर ठेवायची. पहिल्या दिवशी मी आपल्या सवयीनं डाळ चुलीवर चढवायला निघाले, तर बाईसाहेबांनी माझा हात धरला. "ना ना, दुलहिन! कच्ची दाल." पारीत कच्ची डाळ वाफेनं शिजते, फुलते आणि घट्ट बसते. रोटीच्या पिठात ओवा, मीठ. आधी तव्यावर, मग निखाऱ्यावर. तेलाचा थेंब नाही, तरी खाणारा बोटं चाटायचा.

भाऊजींना, म्हणजे जाऊबाईंच्या नवऱ्याला, साहेबांची मर्जी हवी होती, कारण आपल्या पोराला कचेरीत चिकटवायचं होतं. मग काय, साहेबांना घरी न्याहारीला बोलावणं सुरू झालं. धुरात डोळे फोडून घ्यायचे मी, आणि ताट घेऊन पदर सावरत सोप्यात जायच्या जाऊबाई. "गोड मानून घ्या, मला जमेल तसं केलंय." अव्वांनाही तेच खरं वाटायचं. बिचारीला दिसत कुठं होतं! मी धाकटी सून होते. तोंड उघडलं असतं तर माझंच थोबाड फुटलं असतं.

हेही मी गिळलं असतं. पण एका नागपंचमीला माझा भाऊ तामलवाडीहून गाडी घेऊन मला न्यायला आला. पंचमीला लेकी माहेरी जातात, झोके खेळतात. त्याचा चेहरा मात्र उतरलेला. "अव्वा, आईनं अंथरूण धरलंय. सारखं हिचंच नाव घेती. धाडा की." अव्वा हो म्हणणार एवढ्यात जाऊबाई मधे पडल्या. "परवा साहेब न्याहारीला येणार हायती. माझ्या एकटीच्यानं दळणकांडण व्हायचं न्हाई. दिवाळीला जाईल की ती!"

दळणकांडण! खरं सांगायची त्यांची हिंमत नव्हती, कारण फरे मी करते हे अव्वांना कळलं असतं. एवढ्यासाठी भावाची गाडी रिकामी परत गेली. दसऱ्याच्या आत आई गेली. मला तिचं तोंडही दिसलं नाही.

त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, बाई, तुला सोडणार नाही.

पुढच्या श्रावणात साहेबांची बदली झाली. जायच्या आधी त्यांनी स्वतःच निरोप धाडला, एकदा तुमच्या घरचे फरे खाऊन जातो, सोबत वरचे अंमलदारही येतील. दिवस नेमका पंचमीचा. अव्वा म्हणाल्या, "पंचमीला चुलीवर तवा चढवायचा न्हाई, काही चिरायचं न्हाई." जाऊबाई तोऱ्यात म्हणाल्या, "तवा कशाला लागतुय? रोटी राहू द्या. फरे उकडूनच तर असत्यात, आपल्या दिंडांवानी."

दिंडांवानी! मी दाराआड उभी होते. आमच्याकडं पंचमीला पुरणाची दिंडं करतात, त्यात डाळ आधी शिजवतात. या बाईंनी कधी पाट्याकडं वळून पाहिलं असेल तर ना! मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटायला लागल्या.

त्याच संध्याकाळी भाऊ आला. मी अव्वांपुढं जाऊन बसले. "अव्वा, औंदा मी जाते. फरे काय, अक्काच करतात. माझं काय अडलंय?"

"व्हय की," अव्वा म्हणाल्या. "थोरली हाय. तू जा."

जाऊबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. हो म्हणवेना, नाही म्हणवेना. मी बोचकं बांधत होते तेव्हा जवळ येऊन पुटपुटल्या, "डाळ किती शिजवायची गं?" मी मुद्दाम सोप्यात ऐकू जाईल असं म्हणाले, "मला काय विचारता अक्का? तुमच्या हातचं तर सगळं मुरूम जाणतं!"

माहेरी आईची खोली बंद होती. मी झोक्यावर बसले नाही. उंबऱ्यात बसून पोटभर रडले.

मला न्यायला हे आले तेव्हा गाडीत सगळं कळलं. जाऊबाईंनी डाळ शिजवून गाळ केली. गूळ नाही, आटवलेली नाही, नुसता पाणचट लगदा. वाफ लागली तशा पाऱ्या फाटल्या आणि पातेल्यात पिठलं झालं. बाहेर साहेब आणि अंमलदार पाटावर येऊन बसलेले. मग या शहाण्या बाईनं दार लावून घेतलं आणि रोटी भाजायला चुलीवर तवा चढवला. भर पंचमीला! अव्वांना दिसत नव्हतं, पण नाक शाबूत होतं. भिंत चाचपत त्या आत गेल्या, तवा उलथून टाकला आणि पाहुण्यांच्या देखत ओरडल्या, "माझ्या घरावर नाग उठवतीस व्हय गं! एवढे दिस फरे करत होतं कोण मग?" पाहुणे उपाशीच उठले. पोराची नोकरी तिथंच बुडाली.

मला ऐकून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! यांनी मला विचारलं, "हसतीस काय?" मी हसू दाबलंही नाही.

घरात पाऊल टाकताच अव्वांनी किल्ल्या माझ्या हातात दिल्या. जाऊबाई चुलीपाशी बसल्या होत्या. रडून डोळे सुजलेले. म्हणाल्या, "तुला समदं ठाऊक हुतं. एक शब्द सांगितला असतास तर माझी अब्रू वाचली असती."

"एक शब्द तुम्ही खरा बोलला असता," मी म्हणाले, "तर मला माझी आई दिसली असती."

मी किल्ल्या कमरेला खोचल्या आणि भिजवलेल्या डाळीचं पातेलं त्यांच्यापुढं सरकवलं.

"वाटा," मी म्हणाले. "कच्चीच."