टोक दाखव

"टोक दाखव."

दुकानात शिरणाऱ्याला हा त्याचा नमस्कार. वायर घ्यायला कोणीही येवो, आधी घरातल्या जुन्या वायरीचं टोक पुढे करायचं. मग तो चाकूने ते खरवडायचा आणि चारचौघांत तुमची अक्कल काढायचा. रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराच्या वाटेवर त्याचं खोपटाएवढं दुकान होतं. सगळा जन्म बोटींचं वायरिंग करण्यात गेलेला. मी त्याला तोंडावर काका म्हणायचो. मनात काय म्हणायचो ते इथे लिहिता येणार नाही. असा एक माणूस तुमच्याही गावात असेलच.

त्याची आणखी एक सवय माझ्या डोक्यात जायची. समोरचा बोलत असताना तो तोंडाकडे टक लावून बघायचा, जणू दात मोजतोय.

मी फणसाच्या फळ्यांचे दोन स्पीकर स्वतःच्या हाताने बनवले होते. त्यांच्यासाठी मुंबईहून करंगळीएवढी जाड, पारदर्शक वायर आणली. भिंतीत टाकायच्या आधी तिचा तुकडा मोठ्या तोऱ्यात त्याला दाखवायला नेला. त्याने चाकू फिरवला. तांबूस रंग निघाला, आत पांढरं.

"ॲल्युमिनियम. वरून तांब्याचं पाणी. आणि जाडी सगळी प्लास्टिकची."

"पण काका, आवाज छान येतो."

"आज येतो. खाऱ्या हवेत टोकाला पीठ होईल." मग गिऱ्हाइकांकडे वळून, "मुंबईवरून तार आणलीन. शहाणा!"

सगळे हसले. मी तसाच घरी आलो आणि निव्वळ त्याच्यावरच्या रागाने तीच वायर चिऱ्याच्या भिंतीत खाच पाडून गाडली. वरून गिलावा केला.

दुसऱ्या वर्षी डावा स्पीकर खरखरायला लागला, मग मुका झाला. मागचा स्क्रू सोडवला तर टोकाला पांढरी भुकटी. गिलावा फोडला, वायर ओढून काढली. रत्नागिरीत बोटीच्या वायरीचं दुकान तेवढं एकच. गेलो.

"टोक दाखव."

त्याने ती भुकटी बोटावर घेतली आणि दुकानातल्या चौघांना फिरवून दाखवली. माझं डोकं फिरलं. बोटींच्या इंजिनांजवळ राहून त्याला कमी ऐकू येतं, हे अख्ख्या बंदराला माहीत होतं. त्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने मी पुटपुटलो, "बहिऱ्याने मला आवाज शिकवू नये."

कोणी हसलं नाही. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"काय म्हणालास?"

"दहा मीटर द्या म्हणालो."

त्याने दहा मीटर मोजली, टोकं सोलली. "ही बोटीची. वरून कथील, आत तांबं. हिला काय होणार नाय." एवढंच. त्या दिवशी त्याने अक्कल काढली नाही. ऐकलं नाही म्हणून सुटलो, असं समजून मी खुशीत घरी आलो.

यंदा स्वयंपाकघरासाठी वायर आणायला गेलो, तर शटर बंद. शेजारी जाळी विकणारी बाई म्हणाली, "गेले ते, शिमग्याच्या आधी. दोन्ही कानांनी ठार बहिरे हो, पण ओठ बघून सगळं कळायचं. एक शब्द कधी चुकला नाय."

घरी येऊन स्पीकरच्या मागचा स्क्रू सोडवला. टोक चकचकीत होतं.

मला त्याचा राग अजून येतो. त्याने त्या दिवशी माझ्या कानाखाली वाजवायला हवी होती. दहा मीटर वायर मोजून द्यायला नको होती.