कोपऱ्यातल्या टेबलावरचा पोलीस

ती दुपार काही केल्या विसरता येत नाही. मी तेव्हा आळंदी रस्त्यावरच्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. हजेरी आटोपून चहा घेत होतो, तोच ठाणे अंमलदाराने फोन माझ्याकडे दिला. पलीकडे विश्रांतवाडीतल्या एका हॉटेलचे मालक होते. पुण्यातलं जुनं मुस्लिम घराणं, मराठी आमच्यापेक्षा शुद्ध आणि जीभ आमच्यापेक्षा तिखट.

"साहेब, तुमच्या साध्या वेशातल्या माणसाला सांगा, कमरेला पिस्तूल लावून माझ्याकडे जेवायचं नाही. दारात पाटी आहे. वाचता येत नसेल तर आधी शाळेत घाला त्याला."

ती पाटी सगळ्या ठाण्याला ठाऊक होती. 'हत्यारासह आत येऊ नये. पोलिसांनीही.' एका गिऱ्हाइकाचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर तिथे चुकून उडालं आणि वाढप्याचा जीव गेला, तेव्हापासूनची. आमचे लोक तिला हसायचे. वर्दी उतरवली की काही पोलिसांच्या अंगात दुप्पट मस्ती येते, हे माझं जुनं मत.

"कोणता माणूस?" मी विचारलं.

"अहो, रोज दुपारी कोपऱ्यात बसतो तो. आमच्या आचाऱ्याच्या संरक्षणाला आपणच पाठवलाय ना?"

तो आचारी धानोरीकडचा शेतकरी माणूस. जमिनीच्या वादातल्या एका खुनाचा एकमेव साक्षीदार. साक्ष तोंडावर आली होती, आरोपी जामिनावर बाहेर होता, आणि मी तिथे कुणालाही पाठवलेलं नव्हतं. नियंत्रण कक्ष, गुन्हे शाखा, सगळीकडे विचारलं. तो कुणाचाच माणूस नव्हता.

एक शिपाई आणि एक हवालदार घेऊन साध्या कपड्यांत निघालो. दारातच मालकांनी माझ्या कमरेकडे पाहिलं आणि पाटीकडे बोट केलं. हुज्जत घातली असती तर आतला सावध झाला असता. मागे वळलो, माझं आणि शिपायाचं पिस्तूल बाहेर हवालदाराकडे दिलं आणि रिकाम्या कमरेने शिपायासह आत जाऊन बसलो.

तो कोपऱ्यात होता. बारीक कापलेले केस, शर्ट बाहेर, पाठ भिंतीला. थेट आमच्यासारखा. नजर स्वयंपाकघराच्या दारावर. त्या दारातून आचारी स्वतः पातेलं घेऊन आला.

"साहेब, रस्सा वाढू का आजून?"

"वाढ. तुझ्या हाताला चव आहे."

आचारी लाजून हसला. मला ते हसू बघवेना.

मग त्याचा हात दिसला. शर्ट उजवीकडे फुगलेला आणि उजवाच हात मनगटापर्यंत रश्श्यात. हत्यार लावून बसलेला आमचा माणूस तो हात माखू देत नाही. डाव्या हाताने, चमच्याने कसंबसं खातो आणि घरच्यांची बोलणी खातो. हा पोलिसासारखा बसायला शिकला होता, जेवायला नाही. आम्ही जेवण होऊ दिलं. उष्ट्या हाताने तो बेसिनपाशी गेला, दोन्ही हात नळाखाली, तोंड भिंतीकडे. तिथेच धरला. कमरेला गावठी कट्टा निघाला, भरलेला.

चौकशीत त्याच्यावर आवाजही चढवावा लागला नाही. सुपारी कुणी दिली ते त्याने लवकरच सांगितलं. खुनाचा आरोपीच होता.

"मग इतके दिवस थांबलास का?"

"घाई कशाला? कुठून जातो, कधी जातो, तो आचारीच वाढताना सांगायचा. कोर्टाच्या दिवशी सोबत याल का, म्हणाला. म्हटलं, येतो. येरवड्याच्या पुलाआधी काम झालं असतं."

तो हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होता.

खात्यात वर्षानुवर्षं साध्या वेशात फिरलो. त्या वेशाचा उपयोग आम्हालाच होतो, असं समजत आलो होतो. पण 'मी पोलीस आहे' हे तीन शब्द कुणालाही म्हणता येतात, आणि भेदरलेला माणूस ओळखपत्र मागत नाही, आधार शोधतो. पुढे हाताखालच्या प्रत्येकाला मी हेच शिकवलं, की समोरच्याने न विचारता ओळखपत्र दाखवा.

साक्षीच्या दिवशी आचाऱ्याला न्यायला मी नेहमीच्या साध्या कपड्यांत त्याच्या घरी गेलो. त्याने दार उघडलं नाही.

"काळजी करू नका, मी सोबत आहे," मी म्हणालो.

आतून आवाज आला, "त्यो बी असंच म्हनायचा, साहेब."

ठाण्यात परतलो, वर्दी चढवली आणि पुन्हा गेलो. या वेळी त्याने दार फटीएवढं उघडलं. माझ्या छातीवरच्या पट्टीवरचं नाव त्याने बोट ठेवून, एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचलं. मग चपला घातल्या.