पूजेच्या गोळ्या

बी.एस्सी.ला असताना बेडकाच्या प्रजननसंस्थेची आकृती माझ्याइतकी सुबक वर्गात कुणी काढत नसे. स्वतःविषयी मात्र एवढंच ऐकून होते, की चूक झाली तर नंतर घ्यायची एक गोळी असते, म्हणजे दिवस राहत नाहीत. आणि चूक तर झाली होती. मोबाइल भावाच्या खात्यावर चालायचा. काही शोधलं तर तिकडे मंगळवेढ्यात त्याला दिसेल, ही धास्ती. ज्याच्यासोबत चूक झाली तो फोनवर म्हणाला, "तूच आण की. मला लाज वाटती." लाज म्हणे!

वसतिगृहापासून लांबचं मेडिकल गाठलं. गिऱ्हाइकं पांगेपर्यंत खोकल्याची औषधं न्याहाळत उभी राहिले, मग पुटपुटले, "पाळीची गोळी पाहिजे."

दुकानदार वडिलांच्या वयाचे. मान वर न करताच त्यांनी विचारलं, "घरात पूजा हाय का?"

देवानंच सबब पुरवली, असं मला वाटलं. "व्हय," म्हटलं. त्यांनी पाकीट दिलं, रोज कशा घ्यायच्या ते सांगितलं. इतकं सोपं असतं होय, म्हणत येताना मी चक्क भेळ खाल्ली.

आठवडाभरानं शेजारच्या कॉटवरची मैत्रीण तसलंच पाकीट घेऊन आली. मी हातातली वही मिटली.

"तुला कशाला गं?"

"भावाचं लगीन हाय की. पाळी पुढं जाती ह्यानं. आमच्यात समद्याच घेत्यात."

"आणि ती दुसरी असती ती?"

"कसली दुसरी?" तिला खरंच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयातल्या संगणकावर, मागं कुणी नाही ना हे बघत, वाचलं. ती गोळी वेगळीच होती. जितकी लवकर घ्याल तितकी बरी, चार-पाच दिवसांनंतर उपयोग नाही. माझे ते दिवस पूजेच्या गोळ्या खाण्यात गेले होते. आणि त्या गोळ्यांनीच पाळी लांबलेली, त्यामुळे ती न येण्याचा अर्थही लागेना. तपासणीची पट्टी आणायला पुन्हा मेडिकलची पायरी चढवेना. उरलेल्या गोळ्या टाकून दिल्या आणि वाट बघत बसले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. रात्री आईचा फोन यायचा, "जेवलीस का?" मी जेवले म्हणायची. त्याचा फोन आताशा लागतच नव्हता. चौघींच्या खोलीत इतकं एकटं राहता येतं, हे मला ठाऊक नव्हतं.

प्रॅक्टिकल चालू असतानाच पाळी आली. सुटले होते मी! खोलीवर येऊन कॉटवर पडले आणि हमसून हमसून रडले. मैत्रिणीनं गरम पाण्याची पिशवी आणून पोटाशी ठेवली, केसांवरून हात फिरवला.

"लई दुखतंय का गं?"

सगळं सांगून टाकावंसं इतकं वाटलं, की मी उठून बसले. तिनं पिशवी सरळ केली, वर माझी ओढणी टाकली.

"व्हय," म्हटलं, "लई."