गाठमामा खोकले

शिंपीकाम करणाऱ्या गाठमामांना खरं नावही होतं, पण ते आता बायकोसुद्धा वापरत नसे. पाठीवर, उजव्या खांद्याखाली, बटाट्याएवढी चरबीची गाठ. दुखणं नाही, खुपणं नाही. त्या गाठीच्या जिवावर मामा अकरा वर्षं सर्जन होऊ घातलेल्यांच्या परीक्षेला रुग्ण म्हणून बसत. बोलावणं आलं की घोटून दाढी करायची, दुकानाला कुलूप लावायचं आणि चार नंबरच्या खाटेवर उघड्या अंगानं ठाण मांडायचं. मामी म्हणायची, "लोकांचे नवरे पदकं मिरवतात, आमचे गाठ."

उमेदवार घामाघूम होऊन चाचपू लागला की मामा ओठ न हलवता सांगत, बोटाखालून सटकते म्हण, परीक्षकांना तेच ऐकायचं असतं. कित्येक सर्जन आपणच पास केलेत, असं त्यांचं ठाम मत.

यंदा वाट्याला एक बारकीशी डॉक्टरीण आली. दोनदा नापास, ही तिसरी खेप हुकली तर पुन्हा बसता येणार नाही, हे नर्सनं मामांच्या कानावर घातलेलंच. मामांनी सगळा पाठ तिला घडाघडा म्हणून दाखवला. तिनं ऐकून घेतला, गाठ पाहिली आणि म्हणाली, "आता उभे राहा मामा. विजार सैल करा."

मामांनी विजारीची नाडी घट्ट धरली. रुग्ण डोक्यापासून पायापर्यंत तपासावा हे सगळेच शिकलेले, पण गाठ दिसली की जो तो तिथंच मुक्काम ठोके. इकडे मामांच्या जांघेत वर्षभर हर्निया सुखानं नांदत होता. सुरीच्या धास्तीनं त्यांनी तो मामीपासूनही लपवलेला. सगळ्या विजारींना पुढून जादा घेर शिवलेला.

"गाठ पाठीवर आहे, पोरी. विजारीत काय ठेवलंय?"

पण पोरीनं पाहायचं ते पाहिलं. ती लिहायला वळली तशी मामांनी आडवं होऊन हर्निया दाबून आत सारला.

परीक्षक आले. तिनं गाठ सांगितली, मग हर्नियाही. थोरल्या परीक्षकांनी रुग्णांच्या आजारांची यादी पाहिली. तीत फक्त गाठ. मामांना उभं केलं, जांघेवर हात ठेवला आणि खोकायला सांगितलं.

मामा सभेत खोकावं तसं हळूच खोकले. हाताला काही लागेना. परीक्षकांनी खिशातलं पेन काढलं. पोरीचा चेहरा पांढराफटक, पण ती मामांकडे बघेचना. बघितलं असतं तर मामांना निदान डोळे तरी चुकवता आले असते.

मामांनी मनातल्या मनात एक सणसणीत शिवी हासडली आणि असे खोकले, की शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. परीक्षकांनी हात झटकन मागे घेतला.

"आहे," ते म्हणाले.

पोरगी पास झाली. दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली. आभार मानायला आली असेल म्हणून मामा गळ्यातली टेप सावरून उभे राहिले, तर तिनं ऑपरेशनच्या तारखेचा कागद पुढं धरला.

"पास केलं मी," मामा म्हणाले, "आणि पहिली सुरी माझ्यावरच?"

"मी पुढच्या महिन्यातली तारीख देत होते," ती म्हणाली. "मामींनी सोमवारची घेतली."