आरशासमोर आखलेली रेघ

आमच्या सासूबाई कधी स्वस्थ बसल्याच नाहीत. शिवणकामावर दोन मुलं वाढवली. बूड टेकायचं ते फक्त शिलाई मशीनपुढे. रुग्णालयाच्या बाकावरही त्यांचे पाय मशीन चालवल्यासारखे हलत राहायचे आणि डोळे समोरच्या बाईच्या कपड्यांवर. "बाही चढलीय हिची," असं माझ्या कानात सांगायच्या, म्हणजे सगळ्या खोलीला ऐकू जाईल इतक्या हळू.

छातीतली गाठ काढून झाली होती. आता रोज किरण घ्यायचे होते. ते कुठे पडायचे, त्या रेघा शाईनं त्यांच्या अंगावर आखल्या होत्या. "या पुसू देऊ नका," एवढंच बजावलं होतं. पुसल्या तर काय करायचं, हे कोणी बोललं नव्हतं. किरणांचं मशीन एकच, तेही माणसांपेक्षा जास्त आजारी. रेघा पुसल्या म्हणून एका बाईला परत पाठवलेलं आम्ही डोळ्यांनी पाहिलं. नव्यानं आखून घ्यायला बिचारीला किती दिवस नंबरच मिळाला नाही. तेव्हापासून सासूबाईंचा जीव टांगणीला. उकाडा असा, की घाम थांबेना. येताजाता गळा ओढून आत बघायच्या.

एका सकाळी निघायच्या घाईत मी खोलीत शिरले, तर बाई आरशासमोर उभ्या. गळ्यात टेप, हातात पेन.

"आई! हे काय करताय?"

"ओरडू नकोस. जवळजवळ पुसली होती, मापून गिरवली. जन्म गेला माझा लोकांची मापं घेण्यात, मला रेघ शिकवतेस?"

"हे काय झंपर आहे का, चुकलं तर उसवायला?"

"कुणाला सांगितलंस तर बघ. माझा नंबर गेला तर तुझं तोंड बघणार नाही."

वाटभर मनात तेच. सांगावं तर नंबर जाणार, गप्प बसावं तर किरण भलतीकडेच. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी मशीनवरच्या ताईला सांगून टाकलं.

ताईनं त्यांना निजवलं, हात डोक्यावर घ्यायला लावला आणि कागदावरच्या जुन्या मापाशी रेघ ताडून पाहिली. दोन बोटं खाली. उभ्यानं आखलेली रेघ निजल्यावर सरकली होती. त्या दिवशी किरण मिळाले नाहीत. सासूबाई बाहेर आल्या त्या माझ्याकडे न बघताच. मला रडू आलं, आणि त्यांचा रागही आला.

जरा वेळानं ताई डॉक्टरांशी भांडून बाहेर आली आणि बाकांवरच्या बायांना म्हणाली, "आणखी कोणी घरी रेघ गिरवलीय का? कोणाचाही नंबर जाणार नाही. यापुढे आम्ही रोज तपासू, पुसली तर इथेच आखून देऊ. पण खरं सांगा."

बाया पदर सावरत राहिल्या. मी सासूबाईंकडे पाहिलं. कापड कमी बेतलं गेलं तरी "गिऱ्हाईकच जाड झालंय" म्हणणारी ही बाई. तीच उठली.

"मी गिरवली होती," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "चुकली. हिनं सांगितलं म्हणून वाचले. आता तुम्ही बोला, बायांनो."

कोपऱ्यातल्या एकीनं मान खाली घालून हात वर केला. मग तिच्या शेजारणीनं. मग लेकीनं कोपरखळी मारल्यावर एका म्हातारीनं. सासूबाई उभ्याउभ्या हात मोजत होत्या. चौथा वर गेला तेव्हा त्या मटकन खाली बसल्या.