लोपीस मॅडमचं उदाहरण

रस्त्यात नवीन दुकान दिसलं की लोपीस मॅडम थांबायच्याच. वसईच्या बाजारातून कॉलेजकडे निघालं की कुठे शिंप्याने नवं मशीन मांडलेलं असायचं, कुठे कुणी भाड्याने सायकली द्यायला लागलेलं असायचं. मॅडम पर्स काखेत दाबून पाटी वाचायच्या आणि आमच्यातली जी जवळ असेल तिला विचारायच्या, "सांग, किती कपडे शिवले की ह्याचं भाडं निघेल?" आम्ही तोंडाला येईल तो आकडा ठोकून द्यायचो. मग म्हणायच्या, "अंदाज नको गं. एका कपड्यामागे त्याला सुटतं किती, ते आधी बघ."

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी होळी गावची, घरी केळीची वाडी. आमच्याकडे कॉमर्सला गेलेली मी पहिलीच. पुस्तकातला 'ना नफा ना तोटा बिंदू' वाचून मला काही म्हणता काही कळलं नव्हतं. मॅडमनी तो एका तासात समजावला. त्यांचे यजमान आंतोन यांनी मुंबईच्या कंपनीतली नोकरी सोडून स्टेशनच्या पूर्वेला एक गाळा घेतला होता. तिथे मेणबत्त्या बनायच्या. त्यामुळे मॅडमचं उदाहरण नेहमी मेणबत्तीचं.

"मेणबत्ती रुपयाला विकली," त्या खडू आपटत म्हणायच्या, "मेण, वात, कागद मिळून सत्तर पैसे गेले. राहिले तीस. गाळ्याचं भाडं आणि पगार तुम्ही एकही मेणबत्ती विकली नाहीत तरी द्यायचेच आहेत. ते ह्या तीस-तीस पैशांनी फेडायचे. ज्या मेणबत्तीला ते पुरते फिटले, तिथे तोटा संपला. नफा तिच्या पुढच्या मेणबत्तीपासून." मग फळ्यावर खर्चाची रेषा, विक्रीची रेषा, आणि दोघी भेटतात तिथे ठसठशीत ठिपका.

आमच्या शेवटच्या वर्षी त्यांनी एक गणित घातलं. भाव तोच, रुपया. मेण-वातीचा खर्च मात्र एक रुपया दहा पैसे. मी दोनदा आलेख काढला. रेषा भेटेचनात, उलट पुढे पुढे लांब जाऊ लागल्या.

"मॅडम, उदाहरण चुकलंय," मी उभी राहून म्हणाले.

"उदाहरण बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "बस खाली." तास संपायला बराच वेळ होता, पण त्या दिवशी पुढे काही शिकवलं नाही.

त्याच महिन्यात प्रकल्पासाठी मी आंतोन सरांच्या गाळ्यावर गेले. उंच, गोरा, हसरा माणूस. मेणाच्या वासात उभं राहून त्यांनी मला सगळं हौसेने दाखवलं. "ईस्टरच्या ऑर्डरी बघ! मागच्या वर्षीच्या दुप्पट. आणखी दोन चर्च आली." मेण किती महागलंय हे त्यांनीच मला सांगितलं. आणि वर्षभर जुन्याच भावात द्यायचा शब्द फादरना दिलाय, हेही त्यांनीच. "देवाच्या दारात भाव वाढवायचा का? आत्ता थोडी अडचण आहे. जास्त खपलं की सगळं भरून निघेल."

मी वहीत आकडे लिहीत होते आणि एकदम लक्षात आलं. फळ्यावरचंच गणित होतं ते. प्रत्येक मेणबत्तीमागे दहा पैसे जात होते, आणि ते दुप्पट मेणबत्त्या करणार होते.

मागच्या बाजूला मॅडम साच्यात वाती ओवत बसल्या होत्या. कॉलेजची साडी, वर जुना टॉवेल. मी शेजारी बसले.

"मॅडम, ते उदाहरण इथलंच ना?"

"हो."

"तुम्ही सरांना सांगितलं नाहीत?"

"रोज सांगते. जेवताना सांगते, चर्चमध्ये मिस्सा ऐकून येताना सांगते. रेषा काढून दाखवल्या. ते म्हणतात, हे तुझं कॉलेजातलं, बाजार असा चालत नाही." वात साच्यातून पार होईना, ती त्यांनी ओठांत धरून ओली केली. "बंद करा म्हटलं, तर दोन दिवस जेवले नाहीत. गप्प बसले, तर नव्या ऑर्डरी घेऊन आले. काय करू, सांग."

मी म्हटलं, "मग तुम्ही तरी कशाला बसता इथे?"

"मी नाही बसले तर बाई ठेवतील. तिचा पगार आणखी वर."

पलीकडून सरांनी हाक मारली, "मार्था, निर्मळहून माणूस आलाय, त्यालाही पाहिजेत!" मॅडमनी डोळे मिटले. मग पुढची वात उचलली.

ईस्टर थाटात झाला. सगळ्या ऑर्डरी वेळेवर पोचल्या, एकही मेणबत्ती परत आली नाही. पावसाळा संपेपर्यंत गाळा रिकामा झाला. मॅडमच्या घरामागची पानवेलीची वाडी विकावी लागली. मॅडम एक दिवसही रजेवर गेल्या नाहीत.

पुढच्या वर्षी मी मार्कशीट न्यायला कॉलेजात गेले. मॅडमचा तास चालू होता, म्हणून मागच्या दाराने जाऊन बसले. शेवटच्या बाकावर आंतोन सर होते. घरी बसून करमत नाही म्हणून हल्ली मॅडमबरोबर येतात, असं शिपाई म्हणाला होता. एरवी ते बाहेर झाडाखाली बसत, त्या दिवशी ऊन होतं म्हणून आत आलेले. मॅडम आता पेन्सिलींचं उदाहरण घेत होत्या. शेवटी त्यांनी ते दुसरंही गणित घातलं, न भेटणाऱ्या रेषांचं. सर पुढे वाकून ऐकत होते.

घंटा झाली, मुलं गेली. सर फळ्याजवळ गेले. रेषेवरून बोट फिरवत म्हणाले, "म्हणजे भाव खाली आणि खर्च वर असला, तर जितकं विकू तितका..."

"तितका तोटा," मॅडम म्हणाल्या.

सरांनी वळून अगदी साधेपणाने विचारलं, "इतकं सोपं होतं, मार्था? मग मला घरी का नाही सांगितलंस?"

मॅडमचे ओठ हलले. मी दाराशी उभी होते, मला वाटलं, आता बोलतील. पण त्यांनी सरांच्या बाहीला लागलेला खडू हाताने झटकला आणि म्हणाल्या, "चला. जेवायची वेळ झाली."